हे कुणाचं होतं?

भंगाराच्या दुकानात वस्तूचं सगळ्यात आधी जातं ते नाव. घरात जो आजोबांचा कंदील होता, आत्याची डबी होती, धाकट्याची मोटार होती, तो सगळा ऐवज दुकानात आला की लोखंड होतो, पत्रा होतो, पितळ होतो. ॲल्युमिनियमला इथे जर्मन म्हणतात. प्रत्येकाचा ढीग निराळा, भाव निराळा, आणि काटा सगळ्यांना एकच. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जुनी वस्तू जुनी म्हणूनच मांडलेली असते. विकणाऱ्याला तिची किंमत ठाऊक असते, घेणाराही त्याच तयारीने आलेला असतो. आमच्या नंदुरबारकडे तसं नाही. इथे ती भंगार म्हणून येते आणि भट्टीच्या वाटेवर चार दिवस विसावते. शोधणाऱ्याला गाठायचा असतो तो हा चार दिवसांचा मुक्काम.

मी शिक्षक होतो. नोकरीची बरीच वर्षं धडगाव आणि तळोद्याच्या बाजूला गेली, निवृत्तीनंतर नंदुरबारला स्थिरावलो. जुन्या खेळण्यांचा, लहानसहान चीजवस्तूंचा नाद नोकरीतच लागला होता. आता त्याला वेळही मिळतो. एका दुकानाचे मालक वयाने माझ्याहून थोर, त्यांना मी आबा म्हणतो. मी दिसलो की ते अहिराणीत सांगतात, "सर, जर्मनना ढीगमा दखा. काल एक पेटी उनी." मग मी बाह्या सारून ढिगापाशी बसतो.

जर्मनच्या त्या ढिगात एसटीच्या कंडक्टरची तिकिटांची पेटी मिळाली. चपटी, हातावर धरता येईल एवढी. आत तिकिटांच्या गड्ड्या बसवायचे खण, कमी दराच्या तिकिटापासून चढत्या दरापर्यंत. एका लांब कडेला पत्रा पार गुळगुळीत झाला होता आणि तिथला रंग बाकी पेटीपेक्षा उजळ होता. पेटी डाव्या हातावर घेऊन उभं राहून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. ती कड बरोबर कोपराच्या आतल्या बाजूला टेकत होती. शहादा, तळोदा, अक्कलकुवा या रस्त्यांवर, घाटात, खड्ड्यांत, उभ्या माणसांच्या गर्दीत कुणीतरी अख्खी नोकरी ही पेटी तशी कवटाळून काढली होती. सदऱ्याच्या बाहीने पत्रा घासून घासून चकचकीत केला होता. कोपऱ्यातल्या एका खणाच्या तळाशी पिवळसर कागदाचा एक कपटा अजून चिकटून होता.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. पुढे लाल गाडी खेड्यापाड्यांत पोचली आणि तिच्यासोबत मुलांचा एक खेळही पोचला. बसमधून उतरणाऱ्यांनी टाकलेली रंगीत तिकिटं वेचायची, पुठ्ठ्याच्या खोक्यात रंगवार लावायची, दोरीचा लांबट घेर करून त्यात सगळ्यांनी शिरायचं, पुढचा ड्रायव्हर, मागचा कंडक्टर. माझ्या वर्गातली सातपुड्यातली मुलंसुद्धा हा खेळ खेळायची. त्यांच्यातल्या कित्येकांनी बसमध्ये पाऊलही ठेवलेलं नसायचं. तिकिटाला पडलेली पंचची भोकं ती बोट लावून मोजायची. पुढे कंडक्टरच्या हातात यंत्र आलं, त्यातून निघणारं तिकीट पांढरं आणि पातळ, चार दिवसांत त्यावरची अक्षरं उडतात. मुलांनी ते वेचणं सोडून दिलं. पेटी जर्मनच्या भावात गेली आणि मुलांचा एक खेळ पोरका झाला.

मी आबांना विचारलं, "कोनी व्हती हाई?" त्यांना माहीत नव्हतं, पोत्यात भरून आली होती. माझ्या साऱ्या शोधात मला बोचणारी गोष्ट ही आहे. वस्तू सापडते, माणूस सापडत नाही. पेटीची ती उजळ कड सांगते की कुणीतरी होतं. कोण होतं, एवढंच ती सांगू शकत नाही.

नंदुरबारच्या भंगारात काय येतं यावरून गावाचा इतिहास मांडता येईल. जिल्हा म्हणून आम्ही १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळे झालो, पण गाव जुनं आणि व्यापाराचं. १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे सुरतेकडून इथे आली आणि सुरतेचा माल गावच्या पेठेत उतरू लागला. याच मार्गावरचं नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. म्हणून आमच्याकडच्या जुन्या डब्यांवर गुजराती अक्षरं सापडतात, वह्यांत हिशेब गुजरातीत आणि पत्ते मराठीत असतात. रेल्वे क्वार्टरमधून कंदील येतात, पुठ्ठ्याची जाड तिकिटं येतात. इंग्लंडातल्या थॉमस एडमंडसन याने एकोणिसाव्या शतकात काढलेला हा तिकिटाचा आकार जगभर चालला आणि आमच्या स्टेशनावरही संगणक येईपर्यंत टिकला. जुन्या वाड्यांतून पितळी डबे येतात, अडकित्ते येतात, आणि क्वचित, फार क्वचित, एखादं खेळणं.

रद्दीत एकदा आगपेट्यांच्या छापांची वही मिळाली. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, स्थापन झाली आणि अंबरनाथच्या कारखान्यातून तिच्या पेट्या घरोघर गेल्या. शिवकाशीचे कारखाने पुढे जोमात आले. शिप, चीता फाइट हे छाप आमच्या पिढीला देवांच्या तसबिरींइतके परिचयाचे. मुलं ते छाप जमवायची, अदलाबदल करायची, पत्त्यांसारखे डाव मांडायची. त्या वहीत छाप खळीने चिकटवलेले होते, प्रत्येकाखाली पेन्सिलीने क्रमांक होता, आणि जिथे एखादा छाप मिळाला नव्हता तिथे चौकोन आखून जागा राखून ठेवली होती. पहिल्या पानावर नावाची रेघ होती, नाव मात्र वाळवीने खाल्लं होतं. त्या मुलाची शिस्त माझ्यापुढे आहे, अक्षर आहे, धीर आहे. ते मूल कोण, ते कळायची वाट बंद झाली आहे.

काउंटरवरच्या बरणीत जुनी नाणी असतात. त्यांतलं मला सगळ्यात जवळचं भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा धातू वाचवण्यासाठी १९४३ पासून पैशाला मधोमध मोठं भोक पाडण्यात आलं. हा पैसा मुलांच्या करदोट्यात ओवलेला असे, दोऱ्यात घालून फिरवायच्या खेळात असे. तो हातात घेतला की नंदुरबारचा माणूस वर्षाचा हिशेब करतोच. ९ सप्टेंबर १९४२ रोजी आमच्या गावात तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे त्याचे सोबतीही गेले. भोकाचा पैसा त्यानंतरच्या वर्षी निघाला. त्यांच्या बरोबरीच्या मुलांच्या खिशात तो खुळखुळला, या पाचांच्या हाती तो कधीच आला नाही. बरणीतल्या नाण्याला बाजारात फार किंमत नाही, कारण अशी नाणी लाखोंनी पाडली होती. माझ्या लेखी मात्र या गावात त्या नाण्याइतकं जड दुसरं काही नाही.

पत्र्याच्या खेळण्यांत मला सापडलेली सर्वांत सुंदर वस्तू म्हणजे जत्रेतली फटफट वाजणारी होडी. सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला यात्रा भरते. लोक तिला घोड्यांच्या बाजारामुळे ओळखतात, पण मुलांची यात्रा घोड्यांच्या पलीकडे, खेळण्यांच्या पालांपाशी असते. तिथे पाण्याने भरलेल्या घमेल्यात ही होडी गोल गोल फिरताना दिसे. तिच्या पोटात पत्र्याची चपटी डबी, डबीला मागच्या बाजूने दोन बारीक नळ्या. नळ्यांतून थोडं पाणी आत घालायचं, होडी पाण्यात सोडायची, डबीखाली तेलाची वात किंवा मेणबत्तीचा तुकडा पेटवायचा. पाण्याची वाफ झाली की ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते आणि होडी पुढे सरते. वाफ निवली की पाणी पुन्हा आत ओढलं जातं, पुन्हा तापतं. डबीचा पातळ पत्रा दर खेपेला आत-बाहेर होतो आणि तोच आवाज आपल्याला ऐकू येतो. थॉमस पिओ नावाच्या फ्रेंच माणसाने १८९१ साली इंग्लंडमध्ये अशा होडीचं पेटंट घेतलं. तिथून ती कुठून कुठून फिरत आमच्या तापीकाठी आली आणि इथल्या कारागिरांनी ती मिळेल त्या पत्र्यात घडवली.

ढिगातून उचललेली माझी होडी उलटी करून पाहिली तर आतल्या बाजूला दुसऱ्याच डब्याची छपाई होती. पिवळ्या पट्टीवर तुटकी लाल अक्षरं, अर्धं फूल. म्हणजे तेलाचा किंवा बिस्किटांचा डबा कापून ही होडी झाली होती. ती भंगारातूनच जन्मली होती, मुलाच्या हातात काही दिवस राजेशाही भोगून पुन्हा भंगारात परतली होती. अशी होडी सहसा टिकत नाही. डबी कोरडी तापली की डाख सुटतो, नळी निखळते, मूल रडतं आणि होडी पत्र्यात जाते. माझ्या होडीचा डाख शाबूत आहे. म्हणजे ज्याची ती होती त्याने प्रत्येक वेळी डबीत पाणी आहे की नाही हे पाहिलं होतं. वस्तू आपल्या मालकाचं नाव सांगत नाही, पण त्याचा स्वभाव सांगते. तो ऐकण्यासाठी मी ढिगापाशी बसतो.

प्लास्टिकच्या खेळण्यांची गोष्ट निराळी. फनस्कूल कंपनी १९८७ साली सुरू झाली आणि तिच्या गोव्यातल्या कारखान्यातून निघालेल्या जी. आय. जोच्या बाहुल्या आज परदेशातले संग्राहक शोधतात, कारण त्यांचे रंग अमेरिकेतल्या मूळ बाहुल्यांहून निराळे होते. अशी बाहुली आमच्याकडे आली तर ती प्लास्टिकच्या पोत्यात जाते आणि यंत्रात तिचा चुरा होतो.

पण या सगळ्या शोधात एक मोठी रिकामी जागा आहे, आणि तिच्याबद्दल बोललं नाही तर या जिल्ह्याबद्दल काहीच बोललं नाही असं होईल. नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा, मावची, कोकणी मुलं बहुसंख्य आहेत. त्यांची खेळणी या दुकानांत मला कधीच मिळाली नाहीत. मिळणारही नाहीत. ती धातूची नव्हतीच.

ज्वारीच्या धाटाची बैलगाडी मी माझ्या विद्यार्थ्यांच्या हातून घडताना पाहिली आहे. वाळलेलं धाट घ्यायचं, दातांनी किंवा विळ्याने त्याची कडक साल लांब पट्ट्यांत सोलायची. आतलं पांढरं भेंड बोटाएवढ्या तुकड्यांत कापायचं. भेंडात साल खुपसली की ती घट्ट बसते, खिळा लागत नाही, डिंक लागत नाही. सालीची एक पट्टी वाकवून तिची दोन्ही टोकं भेंडात रोवली की चाक होतं, आडव्या काड्यांनी आरे होतात. मग जू, मग साटा, मग बैल. बैलांची शिंगं सालीची, आणि शिंगांना लाल लोकरीचा धागा, पोळ्याची आठवण म्हणून. सहा-सात वर्षांचं मूल हे काम न बोलता करतं. त्या गाडीत वजन, तोल, ताण, सांधा यांचं जे ज्ञान आहे ते मी फळ्यावर वर्षभर शिकवू शकलो नसतो. संध्याकाळी ती गाडी अंगणात पडते, रात्री बकरी खाते. सकाळी मूल दुसरी करतं.

तीच गोष्ट मातीच्या बैलांची, बांबूच्या पिचकारीची आणि चपलेच्या तळव्यातून कापलेल्या चाकांची. खानदेशात मुली गुलाबाई बसवतात, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि शेवटी ती मातीची मूर्ती पाण्यात जाते. आमच्या प्रदेशातली बालपणं अशी मातीत, पाण्यात, बकरीच्या पोटात विरघळून गेली. म्हणून भंगाराचं दुकान म्हणजे या जिल्ह्याच्या बालपणाचा दस्तऐवज आहे असं कुणी म्हटलं तर मी त्याला थांबवीन. तो दस्तऐवज फक्त ज्यांच्या घरी पत्रा आणि पितळ होतं त्यांचा आहे.

सरदार सरोवराच्या पाण्यात याच जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. मणिबेली हे त्यांतलं सुरुवातीचं गाव. माणसं उठून सोमावलसारख्या वसाहतींत आली. घरांचे खांब, वासे, कणग्या, भांडी जेवढी नेता आली तेवढी नेली. पण कुठल्या ओढ्याकाठची माती बैल करायला चिवट, कुठल्या झाडाच्या बिया सोंगट्यांना बऱ्या, हे ज्ञान त्या जागेशी बांधलेलं होतं. ते काही बैलगाडीत भरून आणता येण्यासारखं नव्हतं.

धाटाच्या त्या चाकांवरून आठवतं, महाराष्ट्रातल्या चाकांवरच्या प्राण्यांचा सर्वांत थोर संच सापडला तो तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठच्या दायमाबादला, १९७४ साली. दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, म्हैस, हत्ती आणि गेंडा, सगळे काशाचे, एकूण वजन साठ किलोंच्या वर. ते नक्की किती जुने याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि इतक्या जड वस्तू मुलांसाठी नव्हत्या हेही उघड आहे. पण ते सापडले एका भिल्ल शेतकऱ्याला, झुडपाचं मूळ खणताना. हा तपशील माझ्या मनातून जात नाही. ज्या समाजाच्या मुलांची चाकं एका रात्रीत नाहीशी होतात, त्याच समाजातल्या माणसाच्या कुदळीला हजारो वर्षं टिकलेली चाकं लागली.

टाकाऊतून खेळणी करण्याचं हे मुलांचं शहाणपण अरविंद गुप्ता यांनी फार आदराने उचललं. १९७८ साली ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात उतरले, आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले, पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत मुलांसाठी विज्ञान केंद्र चालवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम पाहिलं की मला माझी धडगावची मुलं आठवतात. त्यांना कुणी पदक दिलं नाही, पण त्यांच्या आणि गुप्तांच्या हातातली विद्या एकच होती.

आता चांदीबद्दल. जुन्या वस्तू शोधणारा माणूस नंदुरबारला आला की पहिल्यांदा आदिवासी दागिन्यांबद्दल विचारतो. हासळी, वाक्या, कंदोरा, आणि कलदार रुपयांचे हार. राणी व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचे चांदीचे रुपये इथल्या बायांच्या गळ्यात पिढ्यान् पिढ्या आहेत. त्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा झाला. म्हणून जाणती आजी जुना रुपया दगडावर टाकून त्याचा नाद ऐकते आणि मगच ओवते. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतात, काठी गावची राजवाडी होळी पेटते, तेव्हा हा सगळा साज अंगावर येतो. तो सरकारचा चेहरा असलेला पैसा राहत नाही, माहेरचा आहेर होतो, आजीची आठवण होतो.

तोच हार दुकानात तारेत अडकवलेला दिसला तर समजायचं की कुठेतरी घर अडलं आहे. दवाखाना असेल, पावसाने दगा दिला असेल, किंवा दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामाला जाण्याआधीची उचल फेडायची असेल. मी अशी चांदी घेत नाही. संग्राहकांच्या भाषेत ती दुर्मीळ आणि सुरेख असते, आणि हौस मलाही आहे. पण खेळणं हातातून सुटतं ते मूल मोठं झाल्यामुळे, आणि हार गळ्यातून सुटतो तो गरजेपायी. या दोन्हींना एकाच कपाटात ठेवणं मला पटत नाही. शक्य झालं तर मी दुकानदाराला एवढंच सांगतो की आटवण्याआधी चार महिने थांबा, कदाचित सोडवायला कुणी येईल. कधी कधी येतातही.

नवख्या माणसाला दोन गोष्टी सांगून ठेवतो. राम-सीता-लक्ष्मण-हनुमान कोरलेलं, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल असलेलं नाणं कुणी चमत्कारी म्हणून विकायला आणलं तर हात जोडावेत. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. ते देवाच्या दारी मिळणाऱ्या मुद्रांसारखं अलीकडचं काम आहे, आणि त्याच्या पायी भल्याभल्यांनी जमिनी घालवल्या आहेत. दुसरं, जुनं खरं नाणं चिंच लावून किंवा पावडरीने घासू नये. त्यावरची काळपट झाक हेच त्याचं वय आहे, एकदा गेलं की परत येत नाही. आणि कायदाही माहीत असावा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, कलावस्तू पुरावशेष ठरतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि कुणाही खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

जमवणाऱ्या माणसाने पुढे काय करावं, याचं उत्तर मराठी माणसाला पुण्यात मिळतं. दिनकर गंगाधर केळकर चष्म्यांचे व्यापारी, अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणारे. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, वाद्यं, बाहुल्या, खेळणी जमवली. पदरमोड केली, पत्नी कमलाबाईंनी साथ दिली. आणि तो हजारो वस्तूंचा संसार त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने. बाजीराव रोडवरच्या त्या संग्रहालयात राजवाड्यातल्या दुर्मीळ वस्तूंइतकाच मान स्वयंपाकघरातल्या खिसणीला आहे. माझ्या मते केळकरांची खरी थोरवी या समान मानात आहे. आणि एका मुलाचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून एवढ्या अनाम माणसांच्या वस्तू सांभाळल्या गेल्या, हे मला कुठल्याही ग्रंथापेक्षा जास्त शिकवतं.

माझा संग्रह एका कपाटात मावतो. पण कपाटाहून महत्त्वाची मी माझी नोंदवही मानतो. वस्तू कुठे मिळाली, कोणत्या ढिगात होती, कुठे झिजली आहे, कुणी काय सांगितलं. ज्या वस्तू मिळणारच नाहीत त्यांचीही नोंद करतो. धाटाची गाडी कशी करतात याची चित्रं काढली आहेत, माझे जुने विद्यार्थी आता बाप झाले आहेत, त्यांच्याकडून बिया, झाडं, माती यांची त्यांच्या बोलीतली नावं लिहून घेतो. ते हसतात, "सर, तुम्ही अजून गृहपाठ देता," म्हणतात, आणि मग मन लावून सांगतात. आपल्या मुलांना शेजारी बसवून सांगतात, हे मला विशेष वाटतं. आबांनीही अलीकडे एक केलं आहे. पोतं ओतणाऱ्याला ते स्वतःहून विचारतात की ही वस्तू कुणाची होती, आणि उत्तर खडूने त्या वस्तूवरच लिहून ठेवतात. पाटीलवाड्यातली. रेल्वेतल्या बाबांची. नवापूरकडची. तेवढ्याने वस्तूचा भाव एक पैशाने वाढत नाही. ती भट्टीत जायची तेव्हा जातेच. पण जाण्याआधी चार दिवस का होईना, तिला तिचं माणूस परत मिळालेलं असतं.

म्हणून हे वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा करताना जुनं काढायला माझी हरकत नाही, घरं लहान झाली आहेत, सगळं सांभाळून कुणाचं चालत नाही. पण काट्यावर ठेवण्याआधी ती वस्तू घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या हातात द्या आणि विचारा, हे कुणाचं होतं, कशाला वापरायचे, कुणी आणलं होतं. जे सांगतील ते चार ओळींत लिहून घ्या. वस्तू गेली तरी चालेल, त्या चार ओळी ठेवा. धातू पुन्हा बाजारात येईल, त्याचं भांडं होईल, दरवाजाची कडी होईल. ते माणूस कोण होतं हे मात्र एकदा विसरलं की कुठल्याही दुकानात, कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.